अडीच सेकंदांच्या आत

सून संगणकाचे प्रोग्राम लिहायची आणि सासूबाई पोहायच्या. एरवी या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध आला नसता. पण पोहण्याच्या तलावाच्या सेक्रेटरींच्या मनात आलं, की यंदाच्या शर्यतींची वेळ माणसाने नाही, मशीनने मोजायची. सेक्रेटरींनी ही गोष्ट सासूबाईंच्या कानावर घातली, आणि सासूबाई क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या, "त्यात काय एवढं? आमची सून करेल की."

घरी येऊन त्यांनी सुनेला कळवलं, तेही पोळीचा तुकडा तोंडात असताना. विचारलं नाही, कळवलं.

"आई, मी कधी असलं काही केलेलं नाही," सून म्हणाली.

"अगं, सुरू झालं कधी, संपलं कधी, मधली वजाबाकी. तिसरीतलं पोर करेल."

काम खरोखरच तेवढंच होतं. आतापर्यंत तलावावरची वेळ शिट्टीमास्तर मोजत. मास्तर म्हणजे तिथले जुने शिक्षक. गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच, आणि आवाज असा की पाण्याखालीसुद्धा ऐकू यावा. पंचवीस वर्षं त्यांच्या अंगठ्याने निकाल लावले होते. मशीन येणार हे कळल्यावर ते एवढंच म्हणाले, "बरं." आणि शिट्टी काढून कपाटात ठेवली. त्यांचं ते 'बरं' सेक्रेटरींना दोन दिवस टोचत राहिलं.

सुनेने तीन महिने कामावरून आल्यावर हेच केलं. तलावाच्या सहाही लेनच्या टोकाला भिंतीवर पट्ट्या बसवल्या; पोहणारीचा हात लागला की पट्टी मशीनला कळवणार. सुरुवातीला सेक्रेटरींनी बटण दाबलं की भोंगा वाजणार. भोंगा वाजला तेव्हा लॅपटॉपच्या घड्याळात किती वाजले होते, आणि हात लागला तेव्हा किती वाजले होते, हे प्रोग्राम टिपून घेई, दुसऱ्यातून पहिलं वजा करी, आणि आलेला आकडा भिंतीवरच्या मोठ्या बोर्डाकडे पाठवी. बोर्डही हुशार. ज्याचा आकडा लहान, त्याचं नाव तो आपणहून सगळ्यात वर नेई.

लॅपटॉप तलावाचाच, म्हातारा. शर्यतीच्या दिवशी सकाळी सुनेच्या लक्षात आलं, की त्याचं घड्याळ तिच्या मोबाइलच्या सव्वा मिनिट पुढे आहे. तिने क्षणभर विचार केला आणि सोडून दिलं. घड्याळ पुढे असेना का! सुरुवातीलाही तेवढंच पुढे, शेवटीही तेवढंच पुढे. वजाबाकीत सगळं उडून जाणार. विचार अगदी बरोबर होता. फक्त घड्याळ मध्येच हललं नाही तर.

शनिवारी सकाळी पुरुषांच्या शर्यती झाल्या. मशीन सोन्यासारखं चाललं. सेक्रेटरी दर निकालाला स्वतःच बाप झाल्यासारखे छाती फुगवत होते. शिट्टीमास्तर तिसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. मग साठीच्या पुढच्या बायकांची पन्नास मीटरची शर्यत पुकारली गेली. पंचवीस जायचं, पंचवीस यायचं.

सहाजणी पाण्याशी उभ्या राहिल्या. तिसऱ्या लेनमध्ये दातांच्या डॉक्टरीणबाई. त्या लागोपाठ अकरा वर्षं पहिल्या आलेल्या, खांदे कपाटासारखे. सहाव्या लेनमध्ये सासूबाई. त्या नऊ वर्षं या शर्यतीत उतरत होत्या आणि नऊच्या नऊ वर्षं शेवटच्या आल्या होत्या. याचं त्यांना वाईट वाटतं असं त्यांनी कधी दाखवलं नव्हतं. "कुणीतरी शेवटी यायलाच हवं, नाहीतर पाणी बंद कसं करणार?" असं त्या म्हणत, आणि त्याचा अर्थ कुणालाच लागत नसे.

नेमकी त्याच वेळी चौथ्या लेनची पट्टी जरा सैल वाटली म्हणून सून तलावाच्या कडेला गुडघ्यांवर बसून ती तपासत होती. लॅपटॉपपाशी सेक्रेटरी एकटे. भोंगा वाजला, सहाजणी पाण्यात पडल्या, आणि सेक्रेटरींना वाटलं, बक्षीस देताना एखादं दणदणीत गाणं हवं. गाणं इंटरनेटवर. त्यांनी लॅपटॉप इंटरनेटला जोडला.

लॅपटॉपने इंटरनेट दिसताच पहिलं काम काय केलं असेल, तर खरी वेळ विचारून घेतली आणि आपलं घड्याळ गुपचूप सव्वा मिनिट मागे सारलं.

इकडे पाण्यात डॉक्टरीणबाई ठरल्याप्रमाणे सगळ्यांच्या पुढे आल्या, भिंतीला हात लावला. मागून एकेक जणी आल्या. सगळ्यात शेवटी, आजूबाजूला कुणी उरलेलं नसताना, सासूबाई आल्या. सगळ्यांनी बोर्डाकडे पाहिलं.

बोर्डावर सगळ्यात वर सासूबाईंचं नाव होतं. पुढे आकडा : २.३७.

सगळ्यात खाली डॉक्टरीणबाई : २३.८०.

सेक्रेटरींच्या हातात माइक होता आणि डोक्यात गाणं. दोन्हींच्या मध्ये विचाराला जागा नव्हती. ते गरजले, "नवा विक्रम! दोन पूर्णांक सदतीस शतांश सेकंद! टाळ्या!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोक माइकवरच्या माणसाचं ऐकतात. फक्त डॉक्टरीणबाईंचे यजमान, जे शाळेत गणित शिकवायचे, ते उभे राहून म्हणाले, "पन्नास मीटर, अडीच सेकंदांच्या आत? म्हणजे ताशी शहात्तर किलोमीटर! रस्त्यावर असत्या तर पोलिसांनी अडवलं असतं हो!"

सून ओल्या गुडघ्यांनी धावत लॅपटॉपपाशी आली. पडद्यावरचे आकडे पाहिले मात्र, तिच्या पायाखालची फरशीच सरकली. प्रत्येक आकड्याआधी वजाचं चिन्ह होतं. डॉक्टरीणबाई उणे तेवीस पूर्णांक ऐंशी. सासूबाई उणे दोन पूर्णांक सदतीस. मशीनच्या हिशेबाने सहाही बायका निघायच्या आधीच पोहोचल्या होत्या. आणि भिंतीवरच्या बोर्डाला वजाचं चिन्ह दाखवताच येत नव्हतं! तो बनवणाऱ्याला कधी वाटलंच नसणार, की कुणी शून्याच्याही आत पोहेल. बोर्डाने चिन्ह गिळलं, उरलेले आकडे लहानमोठे लावले, आणि सगळी शर्यत उलटी टांगली.

तिने लॅपटॉपचं घड्याळ पाहिलं, मोबाइलचं पाहिलं. दोन्ही आता सेकंदाला सेकंद जुळत होती.

"तुम्ही इंटरनेट लावलंत?" तिने विचारलं.

"गाण्यासाठी," सेक्रेटरी म्हणाले. "का? नव्हतं लावायचं?"

त्यांना तरी काय बोलणार? मशीनला हात लावू नका असं तिने कुठेच लिहून ठेवलं नव्हतं. ती सासूबाईंकडे धावली. तोवर सासूबाई टॉवेल गुंडाळून बक्षिसाच्या पायरीवर, पहिल्या नंबरच्या उंचीवर, उभ्या होत्या आणि गळ्यात मेडल पडलेलं होतं.

"आई," ती खालून कुजबुजली, "चूक झालीय."

"गप्प बस," सासूबाई ओठ न हलवता म्हणाल्या. "हस."

"अहो पण आई, तुम्ही शेवटच्या..."

"हस म्हणते ना!"

सून हसली. ते हसू दाढ काढायला आलेल्या माणसाचं होतं. मेडलचा मोह माणसाला काय करायला लावतो, असा विचार तिच्या मनात आला. नऊ वर्षं शेवटचा नंबर! आपल्याच हाताने आपण त्यांना हे मेडल दिलं, आता आपल्याच हाताने, चारचौघांत, काढून घ्यायचं. त्यानंतर त्याच घरी जायचं, त्याच टेबलावर जेवायचं. नवरा काय म्हणेल? नवरा काहीच म्हणणार नाही. तो असल्या वेळी पेपर उघडून बसतो.

तिने समोर पाहिलं. डॉक्टरीणबाई बाकावर एकट्या बसून कानातलं पाणी काढत होत्या आणि बोर्डाकडे बघत होत्या. चेहऱ्यावर राग नव्हता. आपलं खरंच काही चुकलं की काय, असा विचार त्या करत होत्या.

ते बघून सुनेने सेक्रेटरींच्या हातातला माइक घेतला.

"हा निकाल चुकीचा आहे," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा आला. "मशीन बिघडलेलं नाही. मी प्रोग्राम चुकीचा लिहिला. शर्यत चालू असताना लॅपटॉपचं घड्याळ मागे गेलं, आणि मी घड्याळावर भरवसा ठेवला होता. सगळ्यांची माफी मागते."

एकच गलका झाला. सासूबाईंनी मेडल गळ्यातून काढलं, सेक्रेटरींच्या हातात ठेवलं आणि कपडे बदलायला निघून गेल्या. सून मागोमाग गेली. आत दोघीच होत्या.

"आई, मला माफ करा. तुमचं मेडल..."

"खड्ड्यात गेलं मेडल!" सासूबाई केस पुसता पुसता वळल्या. "मला काय कळत नव्हतं? पाच जणींचे तळपाय मी डोळ्यांनी पाहिले. पुढे तळपाय दिसत असताना माणूस पहिला येतो का?"

"मग हस कशाला म्हणालात?"

"अगं, तुझ्यासाठी! तीन महिने घास तोंडात अन् नजर त्या मशीनवर. मीच सगळ्या गावाला सांगत फिरले, आमची सून करतेय म्हणून. मी तिथे उभी राहून 'हे चूक आहे' म्हटलं असतं तर तुझं किती हसं झालं असतं! म्हटलं, आज पदरात घेऊ, उद्या गुपचूप नेऊन देऊ."

सुनेने विचारलं, "आणि डॉक्टरीणबाई?"

"तिच्याकडे अकरा आहेत. बारावं एक दिवस उशिरा मिळालं तर तिचे काही दात पडत नाहीत."

सून हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि सासूबाईंनी आपला ओला टॉवेल तिच्या अंगावर फेकला.

बाहेर मात्र प्रकरण पेटलं होतं. शिट्टीमास्तरांना राहवलं नव्हतं. त्यांनी खिशातल्या खिशात स्टॉपवॉच चालवलं होतं. पण न बघता एकच वेळ हाती लागली : पहिली आली ती एक्कावन्न पूर्णांक दोन. पहिलीचा प्रश्न मिटला. दुसरी कोण आणि तिसरी कोण, यावर मात्र एक आजी आणि एक निवृत्त परिचारिका समोरासमोर उभ्या ठाकल्या. दोघींच्या मते दुसरी आपण.

सून म्हणाली, "सगळ्यांच्या वेळेतून सारखेच सेकंद गेलेत. पडद्यावर वजासकट जो क्रम आहे तो खरा असणार. प्रत्येकीत पंचाहत्तर मिळवले की झालं."

"असणार?" परिचारिका म्हणाल्या. "म्हणजे आधी तुम्ही वजाबाकी करणार, मग बेरीज करणार, आणि आम्ही दोन्ही वेळा मान डोलवायची?"

घड्याळ एकदाच हललं की दोन टप्प्यांत, हे तिला शपथेवर सांगता आलं नसतं. शेवटी ठरलं, उद्या रविवारी सकाळी शर्यत पुन्हा. त्यावर डॉक्टरीणबाई प्रथमच बोलल्या.

"माझी एक अट आहे. शर्यत चालू असताना, सगळ्यांसमोर, त्या लॅपटॉपचं घड्याळ मुद्दाम हलवायचं. आणि तरी वेळ बरोबर आली पाहिजे." सगळे बघत राहिले. "दाढ बधिर झाली की नाही हे मी पेशंटला विचारत नाही," त्या म्हणाल्या. "टोचून बघते."

सून तलावाचा लॅपटॉप घेऊन घरी आली ती तडक कामाला बसली. दुपारी चारच्या सुमारास दार वाजलं. बाहेर शिट्टीमास्तर.

"वाटेवरच होतं घर," ते म्हणाले. त्यांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. "चुकलं काय नक्की?"

सुनेने सांगितलं. मशीनच्या आत दोन घड्याळं असतात. एक किती वाजले ते सांगतं. ते चुकतं, कुणी दुरुस्त केलं की पुढे-मागे होतं. दुसऱ्याला किती वाजले याचा पत्ताच नसतो. मशीन सुरू झाल्यापासून ते नुसतं मोजत राहतं, आणि कुणी काही केलं तरी मागे जात नाही. "किती वाजले ते पहिल्याला विचारायचं, किती वेळ लागला ते दुसऱ्याला. मी दोन्ही पहिल्यालाच विचारलं."

मास्तर खूश झाले. "म्हणजे दुसरं घड्याळ माझं स्टॉपवॉच. त्यालाही कुठे माहीत असतं दिवस कोणता ते?"

"पण मास्तर, तुमचा अंगठा? भोंगा ऐकून दाबेपर्यंत थोडा वेळ जातोच की."

"जातो ना. पण सुरुवातीला जेवढा उशीर, शेवटी तेवढाच उशीर. दोन्ही उशीर एकमेकांना खाऊन टाकतात. अंगठा चपळ नसला तरी चालतो, लहरी असून चालत नाही." मग त्यांनी विचारलं, "तुझ्या पट्टीचा अंगठा कसा आहे?"

सून उत्तर द्यायला गेली आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. तिचा प्रोग्राम पट्ट्यांकडे सेकंदातून फक्त दहा वेळा बघत होता. एकदा बघून झाल्यावर लगेच कुणाचा हात लागला, तर त्याची दखल पुढच्या वेळीच. आणि बोर्डावर मात्र ती शंभराव्या भागापर्यंतचे आकडे मिरवत होती! शेवटचा आकडा निव्वळ शोभेचा. तिने कानाला हात लावला आणि तेही बदललं : आता पट्टीला हात लागला की त्याच क्षणी पट्टीच मशीनला हाक मारणार.

मग चाचणी. तिने दोन पट्ट्या घरात आणल्या होत्या. एक स्वयंपाकघराच्या दाराला टेकवली, एक झोपण्याच्या खोलीच्या. सासूबाईंना एकीला हात लावून दुसरीपर्यंत चालत जायला सांगितलं. मास्तरांनी स्टॉपवॉच चालवलं. सासूबाई वाटेत असताना सुनेने लॅपटॉपचं घड्याळ एक तास मागे केलं. चौदा सेकंद आले, मास्तरांचेही चौदा. पुढच्या खेपेला एक दिवस पुढे केलं. तेरा पूर्णांक नऊ. मग गेल्या वर्षात नेलं. सासूबाई मधेच थांबून म्हणाल्या, "मी आता कुठल्या सालात आहे ते सांगा, म्हणजे त्या हिशेबाने गुडघे दुखवते."

नवरा सोफ्यावर पेपर धरून बसला होता. पंचविसाव्या खेपेला तो म्हणाला, "आईला जरा पाणी द्या." आणि पुन्हा पेपरात गेला.

रविवारी तलावावर शनिवारच्या दुप्पट गर्दी होती. पोहणं बघायला कुणीच आलं नव्हतं. सेक्रेटरी लॅपटॉपपासून दहा पावलं लांब, हात पाठीमागे बांधून उभे होते. भोंगा वाजला. सहाजणी पाण्यात पडल्या. परतीचं अंतर सुरू होताच सुनेने हात वर करून सगळ्यांना दाखवला आणि लॅपटॉपचं घड्याळ एक तास मागे नेलं. तिच्या स्वतःच्या छातीतली टिकटिक मात्र कुठल्याच घड्याळात बसणारी नव्हती.

डॉक्टरीणबाईंचा हात लागला. बोर्डावर आकडा आला : ५०.९१. शिट्टीमास्तर तिसऱ्या रांगेतून ओरडले, "पन्नास पूर्णांक नऊ!" आणि गणिताच्या शिक्षकांनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. परिचारिका आजींच्या चार शतांश सेकंद आधी पोहोचल्या. आजी बोर्डाकडे बघून म्हणाल्या, "चार शतांश म्हणजे नखाएवढं. उद्यापासून नखं वाढवते."

सासूबाई शेवटच्या आल्या. ६९.८८.

त्या पाण्यातून वर आल्या तेव्हा लोक डॉक्टरीणबाईंभोवती जमले होते. त्यांनी धापा टाकत बोर्ड वाचला, मग मास्तरांकडे वळल्या.

"मास्तर, गेल्या वर्षी मला किती लागले होते?"

मास्तर गडबडले. "तुमचं... अहो, एकच घड्याळ. आम्ही पहिल्या तिघींची घ्यायचो. कशीबशी."

"आणि त्याच्या आदल्या वर्षी?"

मास्तर आपल्या चपलांकडे बघू लागले. सुनेला तेव्हा कळलं. नऊ वर्षं सासूबाई भिंतीपर्यंत यायच्या आत मास्तरांचं घड्याळ खिशात गेलेलं असायचं. त्यांना किती वेळ लागतो हे आजपर्यंत जगात कुणालाच माहीत नव्हतं. खुद्द त्यांनाही नाही.

"एकोणसत्तर पूर्णांक अठ्ठ्याऐंशी," सासूबाई स्वतःशीच म्हणाल्या. नवीन पातळाचा पोत बघावा तसा त्यांनी तो आकडा दोनदा उच्चारून बघितला. मग सुनेला विचारलं, "आणि कालचे? पंचाहत्तर मिळवून?"

"बहात्तरच्या पुढेच थोडे. पण ते पक्कं नाही हं, आई."

"असू दे. म्हणजे एका दिवसात जवळजवळ तीन सेकंद कमी." सासूबाईंनी बोर्डाकडे, मग गर्दीतल्या डॉक्टरीणबाईंच्या खांद्यांकडे पाहिलं. ओठ हलले, बोटं मोजू लागली. "रोज तीन धरले, तर आठवड्यात मी हिला गाठते."

"आई, तसा हिशेब नसतो."

"का नसतो? वजाबाकीच आहे ना?"

सोमवारी सकाळी पावणेसहाला सुनेच्या खोलीच्या दारावर थाप पडली. दारात सासूबाई उभ्या होत्या : डोक्याला पोहण्याची टोपी, हातात पिशवी, आणि लॅपटॉप काखेत. सुनेने कूस बदललेल्या नवऱ्याकडे मदतीच्या आशेने पाहिलं. घरात पेपर अजून आला नव्हता, म्हणून त्याने पांघरूण डोक्यावर ओढलं.

त्या दिवशी सासूबाईंना एकाहत्तर पूर्णांक चार सेकंद लागले. त्यांनी काठाला हात टेकून आकडा पाहिला, पट्टीवर बोटाने दोनदा टकटक केलं आणि वर बघत म्हणाल्या,

"अगं, ही पट्टी जरा सैल झालीय का बघ."